पॅसेजमधलं पाणी

दोरीवरच्या उड्या मारायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. त्यापायी आमच्या घराची फरशी उखडली जाईल, नवरा कामावरून नमुन्याची बाटली घेऊन येईल आणि सासूबाई परक्या माणसासमोर असं काही बोलतील की मिस्त्रींच्या हातातली छिन्नी खाली पडेल, याची मला सुतराम कल्पना नव्हती. मी विमा कंपनीत आहे. लोकांच्या घरांवर कोणती संकटं येऊ शकतात याचा आधीच अंदाज बांधायचा, याचाच मला पगार मिळतो. (हे खरं तर सांगायला नको होतं. पण पुढे येणारच आहे.)

उड्या कशासाठी, तर बाळंतपणात वाढलेल्या वजनासाठी. लेक चालायला लागली, बोलायला लागली, मला ठणकावून 'नको' म्हणायला लागली, तरी ते वजन जुन्या भाडेकरूसारखं ठाण मांडून बसलेलं. आणि त्याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट होती, जी मी कुणालाही सांगितली नव्हती. शिंक आली, खोकला आला, जिना घाईने उतरले किंवा लेकीला झटकन उचललं, की कपडे बदलावे लागायचे. दर वेळी नाही. पण कुठल्या वेळी, ते आधी कळायचं नाही. जोखीम मोजणाऱ्या बाईला स्वतःच्या शिंकेचा भरवसा नसावा, यासारखी नामुष्की नाही. ऑफिसात मी शिंक आली की खुर्चीवर एक पाय दुसऱ्यावर टाकून, डोळे मिटून, ध्यानाला बसल्यासारखी शिंकत असे. शेजारच्या टेबलावरचे साहेब एकदा म्हणाले, तुम्ही फार संस्कारी शिंकता.

मग मी फोनवर वाचलं. (मी सगळं फोनवर वाचते. डोकं दुखलं तर मी संध्याकाळपर्यंत तीन असाध्य रोगांची मालकीण झालेली असते.) त्यात लिहिलं होतं की कमरेच्या खालच्या भागात, तळाशी, स्नायूंची एक झोळी असते. तीच सगळं धरून ठेवते. अंगावरचं जादा वजन दिवसभर तिच्यावर दाब टाकतं. वजन थोडं जरी उतरलं तरी पुष्कळ बायकांना आराम पडतो. इतकं वाचून मला हुरूप आला. पुढचा परिच्छेद वाचणार, तेवढ्यात लेकीने फोन ओढून बादलीत बुडवला. तो परिच्छेद काय होता, हे मला पुढे एका दवाखान्यात कळलं, पण तोवर फरशी गेली होती.

आता सासूबाईंबद्दल सांगते, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे.

सासूबाई वजनकाट्यावर होत्या. मालाचे ट्रक चढवून तोलतात, त्या काट्यावर. रस्त्याकडेला लोखंडी पट्ट्यांचा भलामोठा प्लॅटफॉर्म, बाजूला एक केबिन, आणि केबिनच्या काचेआड त्या. आधी भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं, आणि वजा करून निव्वळ मालाचं. ड्रायव्हर लोक कुणाला तरी सीटखाली झोपवून वजन वाढवायचे. सासूबाई आकड्याकडे नाही, गाडीच्या टायरांकडे बघायच्या आणि माइकवरून सांगायच्या, "खाली झोपलेल्या माणसाला बाहेर यायला सांगा, त्याला धाप लागलीय." सगळा रस्ता त्यांना काटेबाई म्हणायचा. निवृत्तीच्या दिवशी ड्रायव्हरांनी ओळीने भोंगे वाजवले, असं नवरा सांगतो. मी विश्वास ठेवते. त्या स्वतःही भरभक्कम. खोलीत आल्या की खोलीला बूड आल्यासारखं वाटतं. मी दिवसातून दहा वेळा घाबरते आणि अकराव्या वेळी त्यांच्याकडे बघते, की त्या शांत आहेत ना. असल्या की मीही होते.

पण एक होतं. त्या माझ्या विनोदांवर हसत नसत.

मला सांगायला संकोच वाटतो, पण माहेरी माझी ख्याती होती. मी बोलायला लागले की काका पोट धरायचे. लग्न होऊन आले तर इथे हे असं. मी ऑफिसातला एखादा किस्सा रंगवायला घ्यावा, तर सासूबाई ओठ घट्ट मिटायच्या आणि किस्सा ऐन भरात आला की उठून खोलीत निघून जायच्या. जाताना खुर्चीवरचा स्वेटर उचलायच्या. हा तपकिरी स्वेटर त्यांच्याजवळ कायम असे, उन्हाळ्यातसुद्धा. बसताना त्याच्यावर बसायच्या, बाहेर जाताना कमरेला गुंडाळायच्या. मला वाटायचं, या घरातल्या खुर्च्यांचाही त्यांना भरवसा नाही.

आणि आता त्या जाणार होत्या. महिनाअखेरीला, थोरल्या लेकीकडे, म्हणजे माझ्या नणंदेकडे, कायमच्या. भांडण नाही, तंटा नाही. एक दिवस शांतपणे म्हणाल्या, मी आता ताईकडे राहीन म्हणते. नवऱ्याला कारण विचारलं तर तो म्हणाला, आईचं तसंच असतं. मला तर कारण आरशात दिसत होतं. चार वर्षं त्या बाईने माझे विनोद सोसले, आणखी किती सोसणार? जाऊ नका, हे चार अक्षरी वाक्य मी रोज घोकत होते आणि त्यांच्यासमोर गेले की, चहा ठेवू का, एवढंच तोंडातून येत होतं.

तर त्या सकाळी नवरा कामावर गेला, लेक झोपली, सासूबाई त्यांच्या खोलीत पेपर वाचत होत्या. मी दोरी काढली. जागा फक्त पॅसेजमध्ये. आमचं घर म्हणजे एका टोकाला सासूबाईंची खोली, दुसऱ्या टोकाला घरातलं एकुलतं एक बाथरूम आणि मधे हा लांबलचक पॅसेज. गाऊन वर खोचला आणि सुरुवात केली. पहिल्या काही उड्या फार छान झाल्या. आपण शाळेत असल्यासारखं वाटलं. मग शरीराने आठवण करून दिली की शाळा सुटून बराच काळ झाला आहे.

मी थांबले. खाली पाहिलं. फरशीवर छोटंसं तळं होतं.

आणि दारात किल्ली फिरली. नवरा चष्मा विसरला होता.

इथे नवऱ्याचा व्यवसाय सांगायला हवा. तो पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासतो. पाणी दिसलं की माणसं ते पितात किंवा पुसतात, हा आधी वाकून बघतो. पॅसेजमधलं पाणी बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जी कळी खुलली, ती लग्नाच्या फोटोतही नाही. हे कुठलं पाणी, असं त्याने विचारलं.

मी शिकलेली बाई आहे. तो माझा नवरा आहे. त्याने माझं बाळंतपण पाहिलंय. (पाहिलं म्हणजे, अर्ध्यातून त्याला बाहेर खुर्चीवर झोपवावं लागलं, पण होता.) त्याला खरं सांगायला काय हरकत होती? पण लाज ही अशी चीज आहे की ती विचारून येत नाही. मी म्हणाले, पाइप फुटला असेल.

तो म्हणाला, थांब, नमुना घेतो.

मी आयुष्यात इतक्या चपळाईने पोछा मारला नसेल. दोरीवरच्या उड्यांनी जे साधलं नाही ते त्या एका झेपेने साधलं असेल. तो हळहळला. म्हणाला, पुसलंस कशाला, नळाचं आहे की गटाराचं हे कळलं असतं, परत आलं तर हात लावू नकोस. आणि चष्म्याबरोबर मिस्त्रींचा नंबर शोधून गेला.

सासूबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, पोछ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर वाचायला गेल्या.

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी आले. हे मिस्त्री म्हणजे ओल शोधण्यात पटाईत, असं शेजारीपाजारी सांगत. त्यांनी पॅसेजच्या फरशीला कान लावला, हातोडीच्या दांड्याने टकटक केलं, आणि रोग्याच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशा आवाजात म्हणाले, "वहिनी, ओल कधी एकटी नसते. वर दिसते ती शेपूट. डोकं खाली आहे."

मी म्हणाले, राहू द्या, वाळलंय आता. ते म्हणाले, वाळलं म्हणजेच आत मुरलं. मी म्हणाले, कदाचित लेकीने पाणी सांडलं असेल. नवरा म्हणाला, तूच तर पाइप म्हणालीस. मी म्हणाले, मला पाइपातलं काय कळतं. तो म्हणाला, उद्या खालच्यांच्या छतातून गळायला लागलं तर? आणि मग त्याला ती कल्पना सुचली. म्हणाला, तुमच्याच कंपनीचा घराचा विमा आहे ना आपल्याकडे, त्यात पाण्याने झालेलं नुकसान धरतात, क्लेम टाकू.

माझ्या पाचावर धारण बसली. आमच्या कंपनीत पाण्याच्या नुकसानीची पाहणी जे साहेब करतात ते तेच, शेजारच्या टेबलावरचे, माझ्या शिंकेला संस्कारी म्हणणारे. ते इथे गुडघे टेकून बसलेत आणि मला विचारताहेत की या ओलीचा उगम कुठे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. अजूनही सांगता आलं असतं. पण एव्हाना मिस्त्रींनी पहिली फरशी फोडली होती, आणि फुटलेल्या फरशीसमोर खरं बोलायला न फुटलेल्या फरशीपेक्षा जास्त धैर्य लागतं. दुसरी फोडल्यावर आणखी लागतं. संध्याकाळपर्यंत मला लागणाऱ्या धैर्याचा आकडा आमच्या कंपनीच्याही आवाक्याबाहेर गेला होता.

पाइप सापडला. ठणठणीत. कोरडा. मिस्त्रींना याने आणखीच जोर चढला. म्हणाले, म्हणजे दुसरा पाइप असणार.

या सगळ्यात सासूबाई त्यांच्या दारात खुर्ची टाकून, स्वेटरवर बसून बघत होत्या. पॅसेज उखडल्यामुळे बाथरूमकडे जायला मिस्त्रींनी एक फळी टाकून दिली होती. सासूबाई काही वेळाने उठायच्या, मिस्त्री हातोडी थांबवायचे, त्या भिंतीला धरून फळीवरून जायच्या, परत यायच्या. थोड्या वेळाने पुन्हा. मला वाटलं, जुनी सवय, कामावर देखरेख चाललीय. एकदा फळी हलली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी भिंत पकडली. त्या पडल्या असत्या तर माझ्या लाजेपायी पडल्या असत्या. त्या संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, ताईला जरा लवकरच बोलाव, शनिवारी जाते मी.

घ्या. चार वर्षांच्या विनोदांनी जे महिनाअखेरीवर नेलं होतं, ते माझ्या एका थापेने शनिवारवर आणलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आज सांगायचंच. नवरा घरीच थांबला होता. आदल्या दिवशीच प्रयोगशाळेतून झाकणाची बाटली घेऊन आलेला, वर चिठ्ठी चिकटवून. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'पॅसेज'. मिस्त्री खाली सिमेंट फोडत होते, घरभर धूळ. सासूबाई बाथरूममधून परत येत होत्या, फळीच्या मध्यावर होत्या, आणि त्यांना हात द्यायला मी पुढे झाले. तोंड उघडलं. म्हणणार होते, थांबवा हे सगळं. तर त्या उघड्या तोंडात आणि नाकात सिमेंटची धूळ गेली.

संस्कारी शिंकायला पायावर पाय टाकावा लागतो. फळीवर ते जमत नाही. एका हातात सासूबाईंचा हात होता. मी शिंकले, आणखी एकदा शिंकले, आणि तिसऱ्या शिंकेला आमच्या दोघींच्या मधोमध, नुकत्याच फोडलेल्या कोरड्या सिमेंटवर, एक गडद डाग पसरला.

"आली बघा," मिस्त्री विजयाने म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

नवरा बाटली घेऊन धावत आला आणि गुडघ्यावर बसला.

"बाटली ठेव खाली," सासूबाई म्हणाल्या. आवाज माइकवरचा होता, ट्रक थांबवणारा. "ते पाइपातलं पाणी नाही. माझं आहे."

त्यांनी माझा हात सोडला नव्हता, उलट घट्ट दाबला होता.

"शिंकलं, खोकलं, उभं राहिलं की होतं. तू शाळेत होतास तेव्हापासून होतं. तपासायचं असेल तर मला डॉक्टरकडे ने. फरशी फोडून काय मिळणार आहे?"

छिन्नी पडली ती तेव्हा. नवरा तसाच गुडघ्यावर, हातात 'पॅसेज'ची बाटली, आईकडे बघत. शिंकलं कोण होतं हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. मिस्त्रींनी हातोडी पिशवीत ठेवली, हात पुसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, आजी, आमच्या घरीही आहे हे, ती सांगत नाही, पण मला कळतं. मग म्हणाले, फरशी मी होती तशी करून देतो. ज्या माणसाला मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो इतका शहाणा निघाला.

मी सासूबाईंच्या मागे त्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि म्हणाले, "आई, ते माझं होतं."

"माहीत आहे."

"मग तुम्ही का..."

"शिंकेआधी पाय आवळणारी बाई मी लांबून ओळखते. तू या घरात आलीस तेव्हा नव्हतीस आवळत. लेक झाली आणि लागलीस." त्या पलंगावर बसल्या, स्वेटर खाली घेऊन. "तुला अजून चारचौघांत बसायचंय. माझं आता काय जातंय? आणि खोटं कुठे बोलले? आजचं तुझं होतं. गेल्या आठवड्यात सोफ्यावरचं माझं होतं. तू लेकीचं समजून सगळ्या गाद्या धुतल्यास आणि तिला रागे भरलीस. मला रात्रभर वाईट वाटलं त्या पोरीचं."

मग त्यांनी सांगितलं. काट्याच्या केबिनला संडास नव्हता. गाड्यांची रांग लागलेली, दिवसचे दिवस बसून राहायचं, म्हणून पाणी प्यायचंच नाही, आलं तरी धरून ठेवायचं. दोन बाळंतपणं झालेली, बसून बसून अंग सुटलेलं. कुणाला सांगायचं? ज्याला त्याला वाटतं, बाई जाड आहे, तिला बाकी काही दुखत-खुपत नसणार. एका डॉक्टरांकडे हिंमत करून गेल्या होत्या. त्यांनी वजन करायला सांगितलं, आकडा बघून हसले, आणि सासूबाई न बोलताच परत आल्या. "आयुष्यभर जगाचं वजन मी केलं," त्या म्हणाल्या, "पण हसले नाही कधी कुणाच्या आकड्यावर."

हसण्यावरून मला आठवलं. धीर करून विचारलं, मी बोलायला लागले की तुम्ही उठून जाता, ते?

"हसले की होतं. म्हणून कुणी विनोद करणार असं दिसलं की मी आधीच उठते. थांबून बघायची सोय नव्हती."

"आणि ताईकडे?"

"तिच्याकडे खोलीला लागून बाथरूम आहे."

एवढंच. त्या जाणार म्हणाल्यापासून मी ज्या कारणाचा डोंगर उरावर घेऊन फिरत होते, ते कारण म्हणजे दोन खोल्यांमधलं अंतर होतं. मी एकदम रडायला लागले, मग हसायला लागले, मग सवयीने पाय आवळले. त्यांनी ते पाहिलं. मी म्हणाले, जाऊ नका. इतके दिवस घोकलेलं, शेवटी हुंदक्यातून आलं. त्या म्हणाल्या, फरशी तर बसू दे, मग बघू.

संध्याकाळी नवऱ्याला मी माझं खरं सांगितलं. त्याने बाटलीवरची 'पॅसेज'ची चिठ्ठी सोलून काढली. मग म्हणाला, बरं झालं नमुना गेला नाही, अहवालावर माझी सही असते. आणि मग उठून आईच्या खोलीत गेला आणि कितीतरी वेळ तिथेच बसला.

आम्ही दोघी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. ही बाई याच कामातली तज्ज्ञ. टेबलावर प्लास्टिकचा कमरेचा सांगाडा, त्यात लाल रबरी स्नायू. सासू आणि सून जोडीने आल्याचं तिला फार अप्रूप वाटलं. म्हणाली, हे खूप बायकांना होतं, पण होतं म्हणून सोसत राहायचं असतं असं नाही. तिने ती झोळी दाखवली. म्हणाली, बाळंतपणात ती ताणली जाते, वय होतं तशी सैल पडते, जुनाट खोकला असेल, शौचाला जोर करावा लागत असेल तर आणखी. आणि पोटाकडचं जादा वजन तिच्यावर दिवसभर बसून असतं.

"म्हणजे काटा," सासूबाई म्हणाल्या. "रोज ताकदीबाहेरचा माल चढवला तर खालचा आधार बसतो. आणि मग रिकाम्या गाडीचंही वजन चुकतं."

फिजिओबाई खूश झाल्या. म्हणाल्या, अगदी तसंच, पण लोखंड बसलं की बसलं, स्नायू मेहनत घेतली तर पुन्हा उभा राहतो. भार थोडा हलका करायचा आणि आधार बळकट करायचा, दोन्ही. बारीक व्हायला कुणी सांगत नाहीये. आणि पाणी कमी प्यायचं नाही, त्याने उलट त्रास वाढतो. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, वजनाबद्दल कुणी इतकं बोललं आणि मला लाज वाटली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

मग मी उड्यांचं सांगितलं. फिजिओबाईंनी डोळे मोठे केले. उड्या एवढ्यात अजिबात नको, आधी झोळी बळकट होऊ दे, म्हणाल्या. हे तर सगळीकडे लिहिलेलं असतं, वजनाच्या माहितीखालीच. मी म्हणाले, हो का.

व्यायाम दिसायला काहीच नाही. लघवी अडवताना आणि वारा अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, आत वर उचलायचे, थोडं धरायचं, मग पूर्ण सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं. सासूबाईंना ते लगेच जमलं. मी आवळलं की माझे गाल फुगायचे, भुवया वर जायच्या आणि खालच्या मजल्यावर काहीही हलायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "तोंड सैल सोड. ड्रायव्हरने श्वास रोखला म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही."

आम्ही हे जेवणानंतर टेबलाशी बसून करायचो. समोरासमोर, गप्प, नजर भिंतीवर. पहिले काही दिवस नवऱ्याला वाटलं आमचं भांडण झालंय आणि तो आळीपाळीने दोघींची समजूत काढायचा. मग त्याला कळलं आणि तो आमचं पाणी पिणं बघायला लागला, ग्लासावर खुणा करून. त्याला करण्यासारखं काहीतरी मिळालं.

संध्याकाळी आम्ही चालायला जायचो. सासूबाईंनी वजनाची पद्धत ठरवून दिली. काट्यावर चढण्याआधी चष्मा, घड्याळ, किल्ल्या, सगळं खाली. मग ते वेगळं तोलायचं. "निव्वळ बघायचं," त्या म्हणायच्या, "ताडपत्रीचं वजन मालावर कशाला?" त्यांचं निव्वळ हळूहळू उतरलं. माझं उतरायचं, पुन्हा चढायचं, सीटखाली कुणीतरी झोपल्यासारखं. पण एक दिवस मी जिना धावत उतरले, खाली पोचले आणि लक्षात आलं की काहीच झालेलं नाही. रस्त्यात उभं राहून मी एकटीच हसले.

ताई शनिवारी येऊन रिकाम्या गाडीने परत गेली होती. फरशी बसली म्हणून पुन्हा आली, तर सासूबाई म्हणाल्या, व्यायाम मधेच कसा सोडू, हिचं तोंड अजून फुगतं. तिसऱ्यांदा ताईने फोनच केला. एका सकाळी पाहिलं तर त्यांची बांधलेली बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती आणि कपडे कपाटात परतले होते. मी चहा ठेवला.

गेल्या आठवड्यात फिजिओबाईंकडे तपासणी होती. त्यांनी सासूबाईंना एकेक विचारलं. खोकला? काही नाही. शिंक? काही नाही. उठता-बसता? नाही. लांब चालणं? जातानाही नाही, येतानाही नाही, सासूबाई म्हणाल्या. मी बाजूला बसून अभिमानाने ऐकत होते. लोकांना आपल्या आईबद्दल वाटतो तसा.

"आणि हसताना?" त्यांनी विचारलं. "मोठ्याने हसून पाहिलंत का?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. त्या खोटं बोलत नाहीत, हे त्यांनी आधी सांगितलंच आहे.

"नाही," त्या म्हणाल्या. "हल्ली उठून जात नाही, सगळं पुरतं ऐकते. पण संधीच मिळाली नाही. आमच्याकडे विनोद ही करते."

फिजिओबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबायचा प्रयत्न केला. तो फसला. त्या हसल्या तशा सासूबाई हसल्या. आधी खांदे, मग पोट, मग आख्खी खुर्ची. असं घरंगळत जाणारं, गडगडाटी हसणं मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ते कुठे साठवून ठेवलं होतं देव जाणे. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि फक्त डोळ्यांतच. त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्चीकडे पाहिलं. कोरडी. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून मला हसू आवरेना. मी टेबलावर डोकं ठेवून हसले, श्वास रोखून, गाल फुगवून, जे जे करायचं नाही म्हणून शिकवलं होतं ते सगळं करत हसले.

आणि मग थांबले. पाय आवळले. उशीर झाला होता.

सासूबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. त्यांनी पिशवीतून तो तपकिरी स्वेटर काढला, मला उभं केलं आणि दोन्ही बाह्यांची छान गाठ मारून माझ्या कमरेला बांधला.

"घे," त्या म्हणाल्या. "मला आता लागत नाही."

सासूकडून सुनेकडे दागिने येतात, असं मी ऐकून होते.